अण्णाभाऊंची मैना

आपल्या हॉस्टेलवर बॉब मार्लेचा टी-शर्ट घालणारे पुष्कळ आहेत. त्याचं १९७४ सालचं 'नो वूमन, नो क्राय' हे गाणं, बाई नको म्हणजे रडणं नको, अशा अर्थानं इथं फेमस आहे. खरा अर्थ उलटा! जमैकाच्या बोलीत तो एका बाईला रडू नकोस म्हणून धीर देतोय. गरीब वस्तीतून आलेला हा रेगे गायक १९८१ साली, ३६ व्या वर्षी गेला. कष्टकरी बाईला गाण्यात मानाचं पान देणारा असाच एक शाहीर आपल्या मातीतही होऊन गेला. त्याचं नाव अण्णाभाऊ साठे.

मी केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचा. आमच्या भागात १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती जोरात होते. बँड असतो, डिजिटल बोर्ड असतात. पण अण्णाभाऊ वाचलेला माणूस शोधावा लागतो. म्हणून हा लेख.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. मूळ नाव तुकाराम. मातंग समाजात जन्मलेल्या या पोराची शाळा दीड दिवसात संपली. पुढं घरच्यांबरोबर पायी चालत ते मुंबईला गेले. हमाली केली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची पोस्टरं वाचत वाचत अक्षरं गिरवली. आपण चार वर्षांत आठ सेमिस्टर देऊनही रडतो, तिथं या माणसानं पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या!

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या साथीनं त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशातल्या गण-गौळणीला त्यांनी फाटा दिला. गणात मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आलं. गौळणींची छेडछाड गेली आणि मजुराचं, शेतकऱ्याचं दुःख फडावर आलं. पुढं सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा हाच खेळ लोकनाट्य म्हणून उभा राहिला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घराघरात पोचली. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिच्या रूपाचं कौतुक करतो, आणि तिच्या मोठ्या मनाचंही. दागिन्यांनी मढवीन असा शब्द देऊन तो निघालेला असतो. पुढं याच ताटातुटीला ते बेळगाव, कारवारच्या ताटातुटीशी जोडतात. एका गरीब बाईचा विरह अख्ख्या प्रांताचं दुःख झाला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पण बेळगाव बाहेरच राहिलं.

आता मला एक गोष्ट खटकते. त्या गाण्यात मैना स्वतः बोलत नाही, नवराच बोलतो. तिची बाजू ऐकायची तर अण्णाभाऊंच्या कादंबऱ्या उघडाव्या लागतात. 'वैजयंता'त तमाशातली कलावंतीण आहे. ती नाचते म्हणून ती कुणाची मालमत्ता होत नाही, हे तिथं ठणकावून येतं. तिच्यावर १९६१ साली सिनेमा निघाला, त्यात जयश्री गडकर होत्या. 'चित्रा' देहाच्या बाजारात ढकलली जाऊनही झगडते. 'चंदन' मुंबईच्या झोपडपट्टीत राबते आणि आपली अब्रू आपणच राखते. या बाया रडत बसत नाहीत. कुणी वाचवायला येईल म्हणून वाट बघत नाहीत.

'फकिरा' १९५९ ची. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. मात्र घरची गरिबी काही हटली नाही. १८ जुलै १९६९ ला ते गेले, पन्नाशीही गाठली नाही. २००२ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला.

आमच्याकडची मैना मात्र गावी राहत नाही. दिवाळीच्या आसपास ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला निघते, बऱ्याचदा अण्णाभाऊंच्याच सांगली जिल्ह्यात. दोघं मिळून 'एक कोयता'. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. पहाटे थंडीत ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायची, कोपीवर येऊन परत चूल पेटवायची. दुखणं आलं तरी खाडा परवडत नाही. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात म्हणून २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सगळे पेपर भरून आले, आणि पुढच्या हंगामात ट्रक पुन्हा भरून निघाले.

आपल्यापैकी कितीतरी जणांची फी याच कोयत्यावर भरली जाते. अण्णाभाऊंनी अशा बाईला नायिका केलं, तिला नाव दिलं. आपण निदान हिशोबात तरी तिला अर्धा कोयता न धरता एक पूर्ण माणूस धरू या. लायब्ररीत 'वैजयंता' असेल तर काढा, नसेल तर मागणी नोंदवा. आणि घरी फोन कराल तेव्हा पैशाचं बोलायच्या आधी मायला विचारा, पाठ कशीय तुझी?