काठी, कावेरी आणि डॉ. घाटगे

दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी कुंभकोणमला होतो. आईकडचे सगळे तंजावरी मराठी. आजोबांच्या मराठीला आम्ही हसतो आणि आमच्या तमिळला ते हसतात.

चक्रपडितुरैच्या पायऱ्यांवर बसून मी कावेरीत बांबूची काठी धरली होती. प्रवाहाच्या दिशेने धरली की पाणी निमूट जातं. तिरकी केली की मागे भोवरे येतात. जवळजवळ उभी केली की ते आळीपाळीने डावी-उजवीकडून सुटतात आणि काठी हातात थरथरते. आजोबा म्हणाले, जर्मनीत प्रांटल नावाच्या शास्त्रज्ञाने तरुणपणी हाताने चाक फिरवून पाण्याचा असाच प्रवाह तयार केला होता, आणि पुढे त्यांच्याच हाताखाली आपला एक मराठी माणूस शिकला. त्यांचं नाव विष्णू माधव घाटगे.

घाटगे यांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूर भागातला. गटिंगेनला प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट करून ते परत आले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला होता. तिथे घाटगे यांनी ग्लायडरची रचना केली. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तोही आधी त्यांनीच सांभाळला.

अशा ठिकाणी विंड टनेल लागतोच. त्यात मॉडेल जागेवर राहतं आणि वारा पळतो. मॉडेल किती उचललं, किती ढकललं जातं ते तराजू मोजतो. क्षेपणास्त्रासारखी लांब, निमुळती वस्तू वाऱ्यात फार तिरकी झाली की दोन बाजूंचे भोवरे सारखे राहत नाहीत. मग अगदी सरळ धरलेलं नाकही एका बाजूला ओढलं जातं. हे आकाशात कळण्यापेक्षा बोगद्यात कळलेलं बरं!

विमानाच्या पंखाचंही तसंच. नाक फार वर गेलं की हवा पंख सोडते आणि विमान खाली येतं. शिकाऊ वैमानिक ही चूक करणारच, म्हणून त्याचं विमान ती सांभाळून घेणारं हवं. घाटगे यांचं एचटी-२ हे असं शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडालं. चालवत होते कॅप्टन जमशेद मुन्शी. हवाई दलाचे कितीतरी वैमानिक पुढे त्यावर शिकले. नंतर घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली तयार झालेलं किरण हे जेट १९६४ मध्ये उडालं. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले.

मला यंदा जूनमध्ये चष्मा लागला. वैमानिक व्हायचं होतं, त्यामुळे महिनाभर मी कोणाशी नीट बोललो नव्हतो. आजोबांनी तो विषय काढला नाही. त्यांनी फक्त घाटगे यांच्याबद्दल सांगितलं, आणि तेही दोनदा.

शाळेत परतल्यावर मी पुठ्ठ्याचा छोटा विंड टनेल करायला घेतला आहे. मॉडेल म्हणून पेन्सिल, धुरासाठी उदबत्ती. सरांनी परवानगी दिली आहे, पंखा अजून दिलेला नाही.