गड आला, गोष्ट राहिली : ह. ना. आपटे

आमच्या शिवऱ्यापासून सिंहगड फारसा लांब नाही. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. पण तानाजीची गोष्ट ते अशी सांगत की आम्ही पोरे जेवण विसरत असू. उदयभानूने पळवून आणलेली कमलकुमारी त्या गोष्टीत हमखास असे. कॉलेजात आल्यावर मला कळले की ही कमलकुमारी इतिहासाच्या कागदांतली नव्हे, तर हरी नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीतली आहे. तेव्हापासून या लेखकाविषयी माझे कुतूहल वाढले.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. लहानपणीच ते आईला मुकले. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचा सांभाळ केला. १८८३ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे कॉलेजात गेले. पण गणिताने दगा दिला व पदवी हाती आली नाही. मात्र वाचन सुटले नाही. स्कॉटसारख्या इंग्रजी कादंबरीकारांचे ग्रंथ त्यांनी आवडीने वाचले. चुलत्यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेचा कारभारही त्यांनी सांभाळला.

१८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. फ्रान्समध्ये द्यूमा यांच्या कादंबऱ्या वर्तमानपत्रांतून क्रमशः येत, तशाच हरिभाऊंच्या कादंबऱ्या ‘करमणुकी’तून घरोघरी गेल्या. ‘उषःकाल’मध्ये त्यांनी स्वराज्याची पहाट रंगवली, तर ‘वज्राघात’मध्ये विजयनगरचा नाश. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही त्यांची सामाजिक कादंबरी विधवेचे दुःख सांगते. ते केवळ लिहीत बसले नाहीत. प्लेगच्या दिवसांत त्यांनी रुग्णसेवा केली व पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषविले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

इतिहासाचे अभ्यासक त्यांच्या चुका दाखवतात, आणि ते योग्यच आहे. तानाजी पडण्यापूर्वीच्या पत्रांतही ‘सिंहगड’ हे नाव आढळते. म्हणजे त्या रात्रीमुळे गडाला नाव मिळाले, हे खरे नाही. परीक्षेत मी कादंबरी इतिहास म्हणून लिहिली, तर गुण मिळणार नाहीत. पण ज्यांना शाळेचे दार दिसले नाही, त्यांना आपल्या मागे काही इतिहास आहे, ही जाणीव अशा गोष्टींनीच दिली. पुस्तक कोणीतरी वाचले, कोणीतरी ऐकले आणि तोंडोतोंडी ते आमच्या ओट्यापर्यंत आले.

आजोबा आता नाहीत. असते तर कमलकुमारी खरी नव्हती, हे मी त्यांना सांगितले असते. मग ते थोडे रागावले असते, आणि पुन्हा तीच गोष्ट सांगायला बसले असते.