चकतीवाला लँचेस्टर

सुरुवातीलाच माफी मागतो. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी आजीशी बोलण्यापुरतंच. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी तपासले आहेत, तेव्हा उरलेल्या चुका त्यांच्या!

गेल्या जुलैत मी आणि माझा रूम पार्टनर रात्री स्टेशनवरून हॉस्टेलला येत होतो. गाडी काकांची जुनी, पुढे-मागे ड्रम ब्रेक. नाल्यापाशी रस्त्यावर चाकाच्या मध्यापर्यंत पाणी होतं. त्यातून रुबाबात गाडी काढली. पुढे उतार, आणि उतारावर म्हैस. ब्रेक दाबला. काही झालंच नाही. केबल शाबूत होती, लिव्हर हाताला घट्ट लागत होता, पण गाडी थांबायचं नाव घेईना. म्हैस वाचली, मी खरचटण्यावर सुटलो, पार्टनरचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. त्याच्या सगळ्या शीट्स मी काढून दिल्या, पण त्याने काय होतंय.

पुढे ओरलला एक्स्टर्नल सरांनी नेमकं तेच विचारलं. ओल्या ड्रमचं काय होतं? मला एक वाक्य सांगता आलं नाही. त्या दिवशी लायब्ररीत जाऊन बसलो, ते मार्कांसाठी नव्हे. उत्तर शोधता शोधता फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा माणूस भेटला.

त्याचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ चा, लंडनमधल्या लुईशॅमचा. वडील आर्किटेक्ट. शिक्षण साउदॅम्प्टनला आणि मग लंडनच्या केन्सिंग्टनला झालं, पण डिग्री काही त्याने घेतली नाही. (घरी दाखवायला हा परिच्छेद उपयोगी नाही, कापून ठेवावा.) बर्मिंगहॅमला गॅस इंजिनच्या कारखान्यात नोकरी धरली आणि विशीतच इंजिनांत सुधारणा करून पेटंट घ्यायला लागला. आयुष्यभरात दोनशेहून जास्त पेटंट झाली.

१८९६ मध्ये त्याची पहिली मोटार रस्त्यावर आली. तेव्हाच्या बऱ्याच मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेल्या बग्ग्या. याने मात्र कोरा कागद घेतला आणि मोटार ही मोटार म्हणूनच डिझाईन केली. १८९९ मध्ये भाऊ जॉर्ज आणि फ्रँक यांच्यासोबत कंपनी काढली. त्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत रुडयार्ड किपलिंग होता, म्हणजे आपल्या मुंबईत जे. जे. स्कूलच्या आवारात जन्मलेला तोच.

आता ब्रेकचं. त्या काळी ब्रेक म्हणजे टायरवर दाबायचा ठोकळा, नाहीतर ड्रमला बाहेरून आवळायचा पट्टा. तेही बहुतेक मागच्याच चाकांना. चामडं, लाकूड, सुती पट्टी असला माल. पावसात भिजला की सुळकन घसरणार. १९०२ मध्ये लँचेस्टरने पेटंट घेतलं ते अगदी साध्या कल्पनेचं. मागच्या चाकाला धातूची पातळ चकती घट्ट जोडायची आणि तिची कड दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायची. झालं! हाच डिस्क ब्रेक.

हे भारी का, ते कळायला ड्रमच्या आत डोकवावं लागतं. ड्रम म्हणजे झाकणाचा डबा. खोल पाण्यात पाणी आत शिरतं आणि लवकर बाहेर येत नाही. लायनिंग आणि ड्रम यांच्यामध्ये पाण्याचा थर बसतो, घर्षण उतरतं. त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. फिरणारा ड्रम लीडिंग शूला स्वतःच आणखी आवळून घेतो, म्हणून तर आपल्याला ब्रेक दाबायला जोर कमी लागतो. पण ही फुकटची मदत घर्षणावरच अवलंबून असते. घर्षण निम्मं झालं की ब्रेकची ताकद निम्म्याहूनही खाली जाते. माझ्या लिव्हरचं कोडं तिथे सुटलं. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक धरून चालवलं की उष्णतेने लायनिंग सुकतं. एवढंच करायचं होतं मला.

चकती उघडी असते. फिरता फिरता ती पाणी बाहेर फेकते, उरलेलं पॅड पुसून काढतात. फुकटची मदत नसल्याने घर्षण जेवढं उतरेल तेवढीच ताकद उतरते, जास्त नाही. अर्थात चकतीही देवाची नाही. भिजली असेल तर पहिला क्षण ती कमी पकडते, आणि थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्याचा थर आणि गंज चकतीवर बसतो, मग पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक मऊ लागतो.

मग १९०२ नंतर सगळ्यांनी डिस्क का नाही लावली? लँचेस्टरकडे पॅडला योग्य मालच नव्हता. त्याने तांबं वापरलं. धातूवर धातू, त्यामुळे ब्रेक किंचाळायचा, आणि तेव्हाच्या धुळकट कच्च्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं. तिकडे डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा दुसरा एक खटपट्या १८९७ पासून ब्रेकच्या लायनिंगच्याच मागे होता. १९०८ मध्ये त्याने त्यात ॲस्बेस्टॉस आणलं. (फेरोडो हे नाव त्याच्याच आडनावाची उलटापालट. ॲस्बेस्टॉसची धूळ प्राणघातक, हे जगाला फार उशिरा पटलं.) पण तोपर्यंत लँचेस्टरच्या कंपनीला १९०४ मध्ये पैशाची ओढाताण होऊन नव्याने उभं राहावं लागलं होतं, आणि १९०९ पासून तो डेमलर कंपनीचा सल्लागार झाला. ब्रेक मागे पडला.

त्याचं मन तसंही विमानात होतं. पंखाला उचल कशी मिळते यावर १८९७ मध्ये लिहिलेला त्याचा निबंध नाकारला गेला. १९०७ आणि १९०८ मध्ये त्याने त्यावर दोन जाड ग्रंथ लिहिले. आपल्या एरोच्या मंडळींना प्रांटलचं नाव पाठ असतं, त्याच्या जोडीने याचंही घ्यायला हवं. इंजिनाची थरथर मारणारा त्याचा डँपर आजही क्रँकशाफ्टवर बसतो. युद्धात संख्याबळाचं गणित मांडणारे नियमही त्याचेच. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने फेलो केलं. पुढे कॉव्हेंट्रीच्या पॉलिटेक्निकला त्याचं नाव दिलं, डिग्री नसलेल्याचं!

पण पैसा काही जमला नाही. शेवटी पार्किन्सनने हात थरथरायचे, नजर गेली होती, घर चालवणं कठीण झालं होतं. ८ मार्च १९४६ रोजी तो बर्मिंगहॅममध्ये वारला. तोवर डिस्क ब्रेक विमानांच्या चाकांकडे वळला होता. १९५३ मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हा कुठे मोटारवाल्यांचे डोळे उघडले. १९५५ मध्ये सित्रोएनची डीएस पुढच्या चाकांना डिस्क घेऊनच बाजारात आली. तो असता तर सत्त्याऐंशीचा असता.

काकांची गाडी अजून माझ्याकडेच आहे, ड्रमचीच. पाण्यातून बाहेर पडलो की पार्टनर मागून खांद्यावर टकटक करतो, डाव्या हाताने. मी हलका ब्रेक धरतो आणि मनात दहा मोजतो.