केन सारो-विवा : तेलाखाली गेलेल्या गावांचा लेखक

१० नोव्हेंबर १९९५ रोजी नायजेरियाच्या लष्करी राजवटीने पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात नऊ जणांना फाशी दिली. त्यांपैकी एक होते केन सारो-विवा. ते लेखक, स्तंभलेखक, प्रकाशक आणि ओगोनी समाजाचे नेते होते. पर्यावरणासाठी हुतात्मा झालेला माणूस म्हणून त्यांचे नाव आपल्याकडे अधूनमधून घेतले जाते. पण फासावर जाण्याआधी कित्येक वर्षे त्यांनी लेखणीने जे काम केले, ते सहसा मागे राहते. चळवळीत लिहू पाहणाऱ्या आमच्या तरुण वाचकांसाठी ते सांगावे, असे आम्हाला वाटते.

ओगोनी लोकांची भूमी नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. क्षेत्रफळ जेमतेम १,००० चौरस किलोमीटर आणि त्या काळची लोकसंख्या सुमारे ५ लाख. शेती आणि खाडीतली मासेमारी यांवर घरे चालत. १९५८ मध्ये इथे खनिज तेल सापडले आणि शेल कंपनी आली. शेतांमधून, घरांच्या दारांवरून पाइपलाइनी गेल्या. तेलाबरोबर निघणारा वायू वस्तीजवळच रात्रंदिवस जाळला जाऊ लागला. पाइप फुटले की तेल शेतात, विहिरीत आणि खारफुटीत पसरे. गावांत मात्र वीज नाही, शुद्ध पाणी नाही. तेलाच्या उत्पन्नातला निम्मा वाटा पूर्वी ज्या प्रदेशातून तेल निघे त्याला मिळत असे. १९८० च्या दशकात तो दीड टक्क्यावर आला. देशात बहुसंख्य असलेल्या मोठ्या समाजांच्या हाती सत्ता होती. ५ लाख ओगोनींच्या मतांची तिथे गरजच नव्हती.

सारो-विवा यांचा जन्म १० ऑक्टोबर १९४१ चा, गाव बोरी. शिष्यवृत्ती मिळवून ते उमुआहियाच्या सरकारी शाळेत शिकले, पुढे इबादान विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे पदवीधर झाले. १९६७ मध्ये बियाफ्राचे यादवी युद्ध पेटले. स्वतंत्र बियाफ्रात इग्बो बहुसंख्याकांपुढे लहान समाजांचे काही चालणार नाही, असे मानून ते केंद्र सरकारच्या बाजूने उभे राहिले आणि बॉनी या तेलबंदराचे प्रशासक झाले. या निर्णयावर त्यांच्यावर टीका झाली. पुढे रिव्हर्स राज्याच्या मंत्रिमंडळातही ते होते, पण ओगोनींच्या स्वायत्ततेचा आग्रह धरल्यामुळे १९७३ मध्ये ते पद गेले.

नोकरी गेल्यावर त्यांनी किराणा व्यापार आणि मालमत्तेच्या व्यवहारात पैसा कमावला. तो पैसा त्यांनी लेखनात घातला. सारोस नावाची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. १९८५ मध्ये आलेली ‘सोझाबॉय’ ही कादंबरी त्यांनी रस्त्यावरच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिली, कारण युद्धात भरडला गेलेला खेड्यातला पोरगा प्रमाणभाषेत बोलत नाही. झटपट श्रीमंतीच्या मागे लागलेल्यांची थट्टा करणारी त्यांची ‘बासी अँड कंपनी’ ही दूरचित्रवाणी मालिका देशभर पाहिली गेली. ही लोकप्रियता पुढे ओगोनींच्या प्रश्नासाठी कामी आली.

वर्तमानपत्रांतल्या स्तंभांत त्यांनी तेलाचा हिशेब मांडायला सुरुवात केली. कुणाच्या जमिनीतून किती निघाले, पैसा कुठे गेला आणि गावात काय उरले, असा तो हिशेब होता. सरकारचे वर्चस्व असलेल्या ‘संडे टाइम्स’ मधला त्यांचा स्तंभ १९९० मध्ये बंद झाला. त्रिभुज प्रदेशात पेटू पाहणाऱ्या संघर्षाचा इशारा देणारा लेख त्याला निमित्त ठरला. पण छापायचे कसे, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण प्रकाशन त्यांच्या हातात होते. ओगोनींच्या विनाशाचा दस्तऐवज ठरलेले पुस्तक त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ का काढला, हे ठाऊक असलेल्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

१९९० मध्येच ओगोनींच्या हक्कांची सनद तयार झाली आणि ‘मोसोप’ ही संघटना उभी राहिली. राजकीय स्वायत्तता, उत्पन्नात न्याय्य वाटा आणि जमीन-पाण्याचे रक्षण या तिच्या मागण्या होत्या. मार्ग अहिंसेचा होता. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे ३ लाख ओगोनी हातात हिरव्या डहाळ्या घेऊन रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बियारा इथे पाइपलाइनसाठी उभ्या पिकांवर बुलडोझर फिरला आणि विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १९९३ मध्येच शेलने ओगोनी भूमीतले उत्पादन थांबवले.

इथून पुढचा भाग अवघड आहे, पण तो वगळून हे चरित्र सांगता येत नाही. जून १९९३ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर बहिष्कार घालावा का, यावरून संघटनेत फूट पडली. जुन्या नेत्यांनी राजीनामे दिले आणि सारो-विवा अध्यक्ष झाले. सरकारशी जुळवून घेऊ पाहणारे ज्येष्ठ आणि संतापलेली तरुण मंडळी यांच्यातले अंतर वाढत गेले. २१ मे १९९४ रोजी जमावाने चार ओगोनी नेत्यांना ठार मारले. त्यांत सारो-विवा यांचे जुने सहकारीही होते. त्या दिवशी लष्कराने सारो-विवांना वाटेतूनच परत पाठवले होते, ते घटनास्थळी नव्हते. तरी चिथावणीचा आरोप ठेवून त्यांना अटक झाली.

खटला विशेष न्यायाधिकरणापुढे चालला. त्याच्या निकालावर अपील करण्याची सोय नव्हती. आपल्याला साक्षीसाठी लाच दिली गेली, असे दोन साक्षीदारांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले. कोठडीतही सारो-विवा लिहीत राहिले. त्यांची पत्रे पावाच्या टोपल्यांतून बाहेर जात. ऑक्टोबरअखेर शिक्षा सुनावली गेली आणि दहा-बारा दिवसांत ती अमलात आली. त्यांच्यासोबत बारिबोर बेरा, सॅटरडे डोबी, नॉर्डू इआवो, डॅनिएल ग्बोकू, बॅरिनेम किओबेल, जॉन क्पुइनेन, पॉल लेवुरा आणि फेलिक्स नुआटे हेही फासावर गेले. ही नावे क्वचितच छापली जातात, म्हणून आम्ही ती मुद्दाम देत आहोत. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व निलंबित केले.

२००९ मध्ये शेलने कोणतीही जबाबदारी मान्य न करता मृतांच्या कुटुंबीयांशी १ कोटी ५५ लाख डॉलरची तडजोड केली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल आला. एका ओगोनी वस्तीत लोक पीत असलेल्या विहिरींच्या पाण्यात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त आढळले. पूर्ण सफाईला २५ ते ३० वर्षे लागतील, असा अंदाज तज्ज्ञांनी दिला. सारो-विवा वीस वर्षे आधी जे लिहीत होते, त्याला प्रयोगशाळेचे आकडे मिळाले. सफाईची सरकारी घोषणा व्हायला मात्र २०१६ साल उजाडले.

जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या नऊ जणांना मरणोत्तर माफी दिली. ती पुरेशी नाही, असे त्यांच्या बाजूने लढणाऱ्यांनी लगेच सांगितले. माफी गुन्हेगाराला देतात. हे नऊ जण निर्दोष होते, असे अधिकृतपणे जाहीर व्हावे, ही त्यांची मागणी आहे आणि ती आम्हाला रास्त वाटते.

आपल्या गावाशेजारी खाण, धरण किंवा कारखाना येतो तेव्हा कोणीतरी वही घेऊन बसायला हवे. कुणाची जमीन गेली, विहिरीचे पाणी कधी बदलले, भरपाई कुणाला मिळाली नाही, हे तारखेसह लिहून ठेवायला हवे. बाहेरचा पत्रकार एक दिवस येऊन जातो, सारो-विवांचे गाव मात्र त्यांचे स्वतःचे होते. हे काम ज्यांनी हाती घेतले आहे किंवा घ्यायचे ठरवले आहे, त्यांनी त्यांचे चरित्र जरूर वाचावे.

केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.