गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस कोणते संगीत आवडते असे कोणी विचारले असता तुमचे उत्तर ठरलेले असते. चित्रपटांतील गाणी तुम्हांस मुखोद्गत असतात; चित्रपटात प्रसंग बदलताच मागे वाजणारे वाद्यसंगीत कसे पालटते, हेही तुमच्यापैकी कित्येकांच्या ध्यानी आलेले आहे. व्हिडिओ खेळांत संकट जवळ आले म्हणजे संगीताची गती वाढते आणि संकट टळले म्हणजे ते शांत होते, ही गोष्ट तर लहान मुलेही आम्हांस समजावून सांगतात. परंतु शास्त्रीय गायनाचे नाव काढताच हीच मुले संकोचतात. ते आपल्यासाठी नव्हे, ते जाणत्यांचे काम, असे त्यांस वाटते. पालकांपैकीही अनेकांची समजूत अशीच असल्याचे आम्ही पाहिले आहे. आणि खरे सांगावयाचे तर बालपणी आमचीही तीच होती.

ही भीती आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तर या विद्येच्या मंदिरास खरोखरीच कुलूप होते. विद्या गुरूच्या घरी आणि राजाच्या दरबारी राहत असे. सामान्य गृहस्थाच्या मुलास, विशेषतः मुलीस, तेथे प्रवेश नसे. ते कुलूप काढण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

विष्णुपंतांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी दक्षिण महाराष्ट्रातील कुरुंदवाड या लहानशा संस्थानी गावी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलुस या गावावरून ते पलुसकर म्हणविले जाऊ लागले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. कीर्तनात कथा असते, विनोद असतो, उपदेश असतो आणि या सर्वांस बांधणारे गायन असते. साहजिकच लहानग्या विष्णूच्या कानी अक्षरओळखीबरोबरच स्वरांची ओळख पडली. वडिलांमागे उभे राहून सूर धरणाऱ्या या मुलाचा गळा गोड आहे, हे गावकऱ्यांच्या लवकरच ध्यानी आले.

परंतु सुखाचे हे दिवस फार टिकले नाहीत. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट होऊन या बालकाच्या डोळ्यांस भयंकर इजा झाली. उपचार झाले, पण दृष्टी पुरती परत आली नाही; पुस्तक वाचता येईना, शाळा सुटली. ज्या मुलाने पुढे शिकून चाकरी करावी अशी आईबापांची अपेक्षा असेल, त्याच्यापुढे अंधार उभा राहिला. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अपंग मूल आहे, त्यांस त्या मातापित्यांचे दुःख निराळे सांगावयास नको. तथापि एक द्वार बंद झाले असता देव दुसरे उघडतो, ही आमची श्रद्धा आहे, आणि या चरित्रात तिचा प्रत्यय येतो. डोळे गेले तरी कान होते, गळा होता. मुलास गाणे शिकवावे असा विचार ठरला आणि त्यास मिरजेस पाठविण्यात आले.

मिरजेस त्या काळी पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे थोर गवई राहत असत. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँ व हस्सूखाँ या बंधूंनी नावारूपास आणलेली ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून शिकून त्यांनी ती महाराष्ट्रात आणली होती. मुसलमान उस्तादांची विद्या ब्राह्मण शिष्याने घ्यावी आणि ती सर्व महाराष्ट्राची व्हावी, ही गोष्ट आपण विसरू नये. मिरजेच्या संस्थानिकांनी विष्णुपंतांच्या राहण्याजेवणाची सोय लावून दिली. पुढे 1896 पर्यंत त्यांनी बुवांपाशी अध्ययन केले. त्या काळी शिकणे म्हणजे गुरूची सेवा करणे, गुरू प्रसन्न होईल तेव्हा एखादी चीज पदरात पाडून घेणे आणि उरलेला दिवस ती घोटणे. विद्या लिहून घेण्याची सोय नव्हती; गुरू गेला म्हणजे त्याच्यासह कित्येक चिजाही जात.

मिरजेतीलच एक हकीकत सांगतात. गावात एक समारंभ होता आणि सर्व प्रतिष्ठितांस आमंत्रणे गेली होती. संस्थानिकांच्या आश्रयामुळे विष्णुपंतांसही आमंत्रण आले, परंतु त्यांच्या गुरूंस मात्र आले नाही. चौकशी करता असे कळले की बुवा पडले गवई, त्यांस प्रतिष्ठितांच्या पंक्तीस कशाला बोलवावयाचे. ज्या गायनाने सभा डोलत, तो गाणारा मात्र सभेत बसावयास योग्य नाही! हे शल्य त्या तरुणाच्या अंतःकरणात खोल रुतले. संगीतास आणि संगीतकारास समाजात मान मिळवून द्यावयाचा, हा निश्चय त्यांनी केला आणि मिरज सोडली.

त्यानंतर औंध, सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी त्यांची यात्रा सुरू झाली. ठिकठिकाणी राजेरजवाड्यांनी मान दिला, पण एखाद्या दरबाराचे गवई होऊन राहणे त्यांनी पत्करले नाही. उलट राजकोटास त्यांनी तिकिटे लावून जाहीर जलसा केला असे सांगतात. आज तिकीट काढून गाणे ऐकणे आपणांस स्वाभाविक वाटते. त्या काळी ती नवलाची गोष्ट होती. तिकिटाचे पैसे देणारा शेठ असो वा कारकून, त्यास दरबाराच्या आमंत्रणाची वाट पाहावी लागत नव्हती. मथुरेस त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला व ध्रुपदे मिळविली. कारण जे शब्द गावयाचे त्यांचा अर्थ गाणाऱ्यास कळला पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता.

अखेर ते लाहोरास पोचले. 5 मे 1901 रोजी त्यांनी तेथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. बडोद्यासारख्या संस्थानात राजाश्रयाने चालणारी संगीतशाळा यापूर्वी होती. परंतु ही शाळा लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतः पंडितजींच्या जलशांच्या उत्पन्नावर उभी होती. जात, धर्म वा घराणे न पाहता, फी भरील त्यास येथे शिकता येई. आरंभी विद्यार्थी येईनात, तेव्हा ते एकटेच तंबोरा घेऊन वर्गात बसत, असे सांगतात. हळूहळू शहरातील सुशिक्षित मंडळी आली, त्यांची मुले आली; मुलींसाठी व स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. परप्रांत, परभाषा, अधू दृष्टी आणि रिकामा वर्ग, अशा स्थितीत तंबोरा जुळवीत बसलेला अठ्ठावीस वर्षांचा हा तरुण डोळ्यांपुढे आणला म्हणजे आम्हां शिक्षकांस आपल्या अडचणी क्षुल्लक वाटू लागतात.

शाळा म्हटली की पुस्तके हवीत, आणि गाण्याची पुस्तके लिहावयाची तर स्वर लिहिण्याची पद्धती हवी. पंडितजींनी आपली स्वतंत्र स्वरलेखनपद्धती रचली, छापखाना घातला, संगीत बालप्रकाश, रागप्रवेश इत्यादी क्रमिक पुस्तके काढली आणि संगीतामृतप्रवाह नावाचे मासिकही चालविले. याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्यांनी उपदेशकांचा वर्ग काढला. होतकरू मुलांस जवळ ठेवून घ्यावयाचे, अन्नवस्त्र द्यावयाचे, अनेक वर्षे फुकट शिकवावयाचे आणि मग देशभर संगीतप्रसारास पाठवावयाचे, अशी ही योजना होती. मिशनच्या शाळेत वाढलेल्या आम्हांस ही रीत परकी वाटत नाही. सुवार्ता सांगणारा जसा गावोगाव जातो, तसे हे संगीताचे सांगाते गावोगाव गेले.

1908 मध्ये मुंबईस गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थी वाढले, संगीत परिषदा भरल्या. सँडहर्स्ट रोडवर विद्यालयासाठी भव्य इमारत उठली. मात्र ती कर्ज काढून. कर्जफेडीसाठी पंडितजी गावोगाव जलसे करीत हिंडले, तरी व्याज वाढतच गेले, आणि 1924 च्या सुमारास ती इमारत हातची गेली. घरीही दुःखाचे डोंगर कोसळत होते. त्यांच्या बारा अपत्यांपैकी अकरा बालपणीच निवर्तली असे सांगतात. 1921 मध्ये जन्मलेला दत्तात्रेय हा एकच पुत्र राहिला.

या काळात त्यांचे मन अधिकाधिक भक्तीकडे वळले. भगवी वस्त्रे धारण करून ते रामायणावर प्रवचने करीत. नाशिकास त्यांनी आश्रम स्थापिला. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाणे हा त्यांचा मानच झाला होता. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी सभास्थानी गायनास हरकत घेतली असतानाही त्यांनी गीत पुरे केले. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे साबरमती आश्रमात संगीतशिक्षक होते. 1930 च्या दांडीयात्रेत तेही चालले, आणि पंडितजींच्या चालीतील रामधून त्या यात्रेत गाइली गेली.

थोरांचे गुण सांगताना त्यांच्या मर्यादा झाकणे आम्हांस उचित वाटत नाही. जुन्या चिजांतील शृंगारिक शब्द काढून त्यांनी तेथे भक्तिपर शब्द घातले. यामुळे गाणे घरात आले हे खरे, पण काही जुने सौंदर्य लोपले, असेही जाणते म्हणतात. ज्या उस्तादांनी आणि कलावंतिणींनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली, त्यांची आठवण या नव्या प्रतिष्ठेत मागे पडली. त्यांची स्वरलेखनपद्धतीही किचकट होती. त्यांचे समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे, जन्म 1860, यांची पद्धती अधिक सोपी असल्याने तीच अधिक प्रचलित झाली. भातखंड्यांनी शास्त्राचा पाया घातला, पलुसकरांनी लोकांस मंदिरात आणले. दोघांचीही नावे विष्णु, हा योगायोग मोठा मनोहर आहे.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरज येथे पंडितजींचे देहावसान झाले. जेथे शिकले, तेथेच विसावले. पदरी ना इमारत, ना संपत्ती. व्यवहारी माणसाने हिशेब मांडला असता तर या आयुष्याच्या खाती तोटाच दिसला असता. परंतु गव्हाचा दाणा जमिनीत पडल्यावाचून पीक येत नाही, हे आपण शेतकऱ्यांची मुले जाणतो. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रारंभिकापासून विशारद व अलंकारापर्यंत ज्या परीक्षांस मुले आज बसतात, त्या याच मंडळाच्या होत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे सर्व त्यांचेच शिष्य. शंकरराव व्यासांनी 1943 च्या रामराज्य या चित्रपटास संगीत दिले. पुत्र दत्तात्रेय यांनी 1952 च्या बैजू बावरा या चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासह देसी रागातील जुगलबंदी गाइली. म्हणजे ज्या चित्रपटसंगीतावर तुमचे प्रेम आहे, त्याच्या मुळाशीही पंडितजींच्या विहिरीचे पाणी आहे.

आता नवख्याने हे संगीत ऐकावे कसे, हे थोडक्यात सांगतो. प्रथम तंबोऱ्याकडे कान द्यावा. त्याचा षड्ज हे गाण्याचे घर होय. गायक कितीही दूर गेला तरी तेथेच परत येतो. मंदिरातील इंग्रजी गीतांत चार आवाज चार निराळ्या स्वरांवरून एकदम चालतात. आपल्या रागसंगीतात मुख्य धागा एकच असतो, आणि त्या एकाच धाग्याचा विस्तार पाहावयाचा असतो. चित्रपटात एखादे पात्र आले की त्याची ठरावीक सुरावट वाजते आणि आपण त्यास ओळखतो. रागासही अशीच ओळखीची सुरावट असते. भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. आरंभास तो बरा. तबल्यावर त्रिताल असेल तर सोळा मात्रा बोटांवर मोजाव्यात आणि पहिल्या मात्रेवर गायक कसा येऊन मिळतो ते पाहावे. ती सम साधली की श्रोत्यांची मान आपोआप डोलते. दत्तात्रेय पलुसकरांच्या तीन-तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका आज मोबाइलवरही ऐकता येतात. त्यांपासून प्रारंभ करावा, तासाभराच्या ख्यालापासून नव्हे. एकच मुद्रिका आठवडाभर रोज ऐकावी. पहिल्या दिवशी जी अनोळखी वाटेल, ती सातव्या दिवशी ओठांवर येईल.

आमच्या उपासनेत कवी नारायण वामन टिळक यांची भजने देशी चालींवर गाइली जातात. ती गाताना नकळत तुम्ही राग गातच असता. केवळ त्याचे नाव ठाऊक नसते.

पालकबंधुभगिनींनो, दारव्ह्यास असा, पुसदेस असा वा वणीस असा, आपल्या मुलाने वा मुलीने गाणे शिकावयाचे म्हटले तर अभ्यास बुडेल म्हणून त्यास एकदम नकार देऊ नका. डोळे अधू झालेल्या एका मुलास त्याच्या आईबापांनी गाणे शिकू दिले, म्हणून लक्षावधी घरांत स्वर पोचले. आणि विद्यार्थी मित्रांनो, दार उघडणाऱ्याने आपले काम केले आहे. आत पाऊल टाकणे एवढेच तुमच्याकडे उरले आहे.