अहिल्याबाईंची कामं आणि जावातली युनिक, सॉर्टेड यादी

मी मूळचा जामखेड तालुक्यातला. मागे एका रिपोर्टसाठी मी जिल्हे निवडायचा ड्रॉपडाउन बनवला होता. डुप्लिकेट काढले, सॉर्टिंग केलं, तरी अमरावतीच्या खाली अहमदनगर आणि अहिल्यानगर अशी दोन नावं आली. जिल्हा एकच, फक्त २०२४ मध्ये नाव बदललं. जुन्या नोंदींत जुनं नाव, नव्यांत नवं. माझ्याच जिल्ह्यात मी फसलो! म्हणून आज हा विषय अहिल्याबाईंच्याच आयुष्यावरून समजून घेऊया.

चौंडी ते महेश्वर

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, आमच्याच तालुक्यातल्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफगोळा लागून गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना थांबवलं आणि कारभारात आणखी गुंतवलं. १७६६ मध्ये मल्हाररावही गेले. पाठोपाठ १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. नवरा, सासरा, मुलगा, तिघेही अवघ्या तेरा वर्षांत.

इथून पुढे कारभार त्यांनी स्वतः हाती घेतला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे दिली आणि राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. तिथे विणकर वसवले, आजची माहेश्वरी साडी ही त्याचीच आठवण. १३ ऑगस्ट १७९५ ला त्यांचं निधन झालं, तोपर्यंत म्हणजे सुमारे २८ वर्षं त्यांनी राज्य सांभाळलं.

राज्य माळव्यात, पण मंदिरं, घाट, विहिरी, धर्मशाळा देशभर. आणि हिशोब किती चोख, तर या धर्मकार्याचा खर्च खासगीतून, दौलतीच्या तिजोरीतून नाही.

आता हीच कामं डेटा म्हणून पाहू

समजा, काम नावाचा एक क्लास आहे. त्यात दोन फील्ड: नाव आणि ठिकाण. आपल्या लिस्टमध्ये सात ऑब्जेक्ट आहेत:

१. विश्वनाथ मंदिर – काशी
२. सोमनाथचं मंदिर – सोमनाथ
३. मणिकर्णिका घाट – काशी
४. विष्णुपद मंदिर – गया
५. घृष्णेश्वर मंदिर – वेरूळ
६. अहिल्या घाट – काशी
७. नर्मदेवरचा घाट – महेश्वर

आपल्याला हवी आहे फक्त ठिकाणांची यादी, प्रत्येक नाव एकदाच आणि क्रमाने. जावा ८ पासून स्ट्रीमने हे चार पायऱ्यांत होतं. मॅप प्रत्येक ऑब्जेक्टमधून ठिकाण काढतो. डिस्टिंक्ट डुप्लिकेट गाळतो. सॉर्टेड क्रम लावतो. कलेक्ट सगळं नव्या लिस्टमध्ये भरतो. उत्तर येतं: काशी, गया, महेश्वर, वेरूळ, सोमनाथ. सातातून पाच.

दुसरा मार्ग म्हणजे ठिकाणं थेट ट्रीसेटमध्ये टाकायची. तो एका नावाची एकच प्रत ठेवतो आणि क्रमही स्वतःच सांभाळतो. एखाद्या कामाचं ठिकाण नल असेल तर मात्र दोन्हीकडे नल पॉइंटर एक्सेप्शन येईल, म्हणून नल आधीच फिल्टर करा.

सारखं म्हणजे नक्की काय?

खरी मेख इथे आहे. मॅप न करता सरळ ऑब्जेक्टवर डिस्टिंक्ट लावलं, तर सातही तसेच राहतील. तिथे तुलना इक्वल्स आणि हॅशकोडने होते, आणि ते आपण लिहिले नसतील तर प्रत्येक ऑब्जेक्ट वेगळाच धरला जातो. स्ट्रिंगची तुलना अक्षरांवरून होते, म्हणून मॅपनंतर काम जमतं.

पण अक्षरांवरूनच होते, हेही विसरू नका. तिसऱ्या नोंदीत कुणी काशीऐवजी बनारस लिहिलं, तर यादीत सहा ठिकाणं होतील. शेवटी एखादी स्पेस राहिली तरी तेच. माझ्या ड्रॉपडाउनमध्ये नेमकं हेच झालं होतं. शेवटी मी जुन्या नावावरून नवं नाव देणारा एक छोटा मॅप ठेवला, आधी नाव एकसारखं केलं आणि मगच डिस्टिंक्ट लावलं. काशी आणि बनारस एकच, हे जावाला माहीत नसतं. ते आपण सांगायचं.

गाळलेलं कुठे जातं?

पाच नावांच्या यादीत काशी एकदाच दिसते. तिथे मंदिरही आहे आणि दोन घाटही, हे त्या यादीतून कळत नाही. ड्रॉपडाउनला तेवढं पुरतं. पण अहिल्याबाईंनी कुठे किती केलं हे सांगायचं असेल, तर डिस्टिंक्ट वापरू नका. ग्रुपिंगबाय घ्या आणि त्याला ट्रीमॅप द्या. ठिकाणं तशीच क्रमाने येतील, आणि काशीपुढे तिन्ही कामं दिसतील.

कोड लिहायच्या आधी एवढंच ठरवा: आपल्याला गावांची नावं हवीत, की त्या गावांत झालेलं काम?