गर्भपात करून स्वतःच अटक मागणारा डॉक्टर, ज्याच्या खटल्याने इंग्लंडचा कायदा हलला

१९३८ सालचा जून महिना. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये एक पोलीस अधिकारी चौकशीला आला. समोर होते हॉस्पिटलचे नावाजलेले प्रसूतितज्ज्ञ अॅलेक बोर्न. त्यांनी काहीही लपवलं नाही. एका १४ वर्षांच्या मुलीचा गर्भपात आपण केला आहे हे सांगितलं आणि वर, मला अटक करा, अशी मागणी केली.

गुन्हा साधा नव्हता. १८६१ च्या कायद्यानुसार गर्भपात करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. मग नाव, पैसा, प्रतिष्ठा सगळं असलेल्या माणसाने हे का केलं?

अॅलेक विल्यम बोर्न यांचा जन्म १८८६ चा. शिक्षण केंब्रिजला आणि पुढे त्याच सेंट मेरीजमध्ये. १९३८ मध्ये ते पन्नाशी ओलांडलेले, लंडनमधल्या मोठ्या स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी एक होते. म्हणजे चळवळीतला कोणी तरुण डॉक्टर नव्हे, चांगला प्रस्थापित माणूस.

त्या वर्षी एप्रिलमध्ये काही सैनिकांनी एका मुलीला घोडा दाखवतो म्हणून बराकीत नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. तिला दिवस गेले. आईवडील तिला आधी दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले, पण तिथे नकार मिळाला. मग जोन मॅलेसन या डॉक्टरबाईंनी बोर्न यांना पत्र लिहिलं. मॅलेसन गर्भपाताचा कायदा बदलावा म्हणून १९३६ साली स्थापन झालेल्या संघटनेत काम करत होत्या. त्यांना एक चाचणी खटला हवाच होता. बोर्न लगेच तयार झाले. असं ऑपरेशन आपण आधीही केलं आहे आणि या वेळी सरकारी वकिलांना कळवूनच करू, असं त्यांनी उत्तर धाडलं.

तरी त्यांनी लगेच ऑपरेशन केलं नाही. मुलीला आठ दिवस दाखल करून घेतलं आणि तिचं निरीक्षण केलं. एका तपासणीच्या वेळी तिचा बांध फुटला, ती कोसळलीच. तेव्हा बोर्न यांचा निर्णय झाला. १४ जूनला ऑपरेशन झालं. फी शून्य.

इथे एक गोष्ट खटकते, आणि खटकायलाच हवी. बलात्कार झालेली शाळकरी मुलगी मदतीला पात्र आहे की नाही, हे तिच्या स्वभावावरून डॉक्टर ठरवत होते. तिला काय वाटतं, हा प्रश्न कायद्यातही नव्हता आणि वॉर्डातही नव्हता.

जुलैमध्ये ओल्ड बेली कोर्टात खटला उभा राहिला. सरकारतर्फे खुद्द अॅटर्नी जनरल. न्यायमूर्ती मॅकनॉटन. बोर्न यांच्या बाजूने साक्ष द्यायला राजघराण्याचे डॉक्टर लॉर्ड हॉर्डर आले.

आता कायद्याचा पेच समजून घेऊ. १८६१ च्या कायद्यात आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात चालेल असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण बेकायदेशीरपणे केलेला गर्भपात गुन्हा, अशी शब्दरचना होती. याचा अर्थ कायदेशीर गर्भपातही असू शकतो का? न्यायमूर्तींनी होय म्हटलं. त्यासाठी त्यांनी १९२९ च्या एका वेगळ्या कायद्याचा आधार घेतला. जन्मल्यावर जगू शकेल अशा अर्भकाला जन्माआधी मारणं हा त्या कायद्याने गुन्हा होता, पण आईचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला त्यातून सूट होती.

खरी लढाई पुढे होती. सरकारचं म्हणणं होतं की जिवाला धोका वेगळा आणि तब्येतीला धोका वेगळा. बोर्न यांना ही रेघ मान्यच नव्हती. न्यायमूर्तींनीही ज्युरीला सांगितलं की तब्येत ढासळता ढासळता जिवावर बेतू शकतं, आणि बाई मरणाच्या दारात पोचेपर्यंत डॉक्टरने थांबायची गरज नाही. गरोदरपण चालू राहिल्यास ती शरीराने किंवा मनाने उद्ध्वस्त होईल, असं डॉक्टरला योग्य कारणांवरून प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तो तिचा जीवच वाचवतोय असं ज्युरी मानू शकते. शिवाय डॉक्टरचा हेतू प्रामाणिक नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची.

ज्युरीने सुमारे ४० मिनिटं घेतली. निकाल, निर्दोष.

मन उद्ध्वस्त होणं हेही कोर्टात मोजलं जाऊ लागलं, ही छोटी गोष्ट नव्हती. पण फायदा कोणाला झाला? मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणि खासगी डॉक्टरची फी परवडणाऱ्या बायकांना. बाकीच्या पूर्वीसारख्याच चोरून कोणाकडे तरी जात राहिल्या. १९३९ च्या सरकारी समितीने वर्षाला १ लाख १० हजार ते दीड लाख गर्भपात होत असल्याचा अंदाज दिला होता. त्यात नैसर्गिकही आले, पण सुमारे ४० टक्के बेकायदेशीर असावेत असं समितीचं म्हणणं होतं.

आपल्याकडे चित्र थोडं उलटं होतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये आईचा जीव वाचवण्यासाठीची सूट आधीपासून लिहिलेली होती, मात्र तब्येतीचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीनंतर १९७१ चा कायदा आला आणि त्यात शारीरिक, मानसिक आरोग्याची गंभीर हानी हे कारण मान्य झालं. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा मनस्ताप ही अशीच हानी धरावी, असंही त्यात स्पष्ट म्हटलं. बोर्न यांना जे साक्षीदार उभे करून पटवावं लागलं, ते इथे कायद्यातच आलं. निर्णयाची सही मात्र इथेही डॉक्टरचीच.

आणि बोर्न? १९६२ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं. मागेल तिला गर्भपात, या कल्पनेला त्यांनी त्यात कडाडून विरोध केला. आपण नकार दिलेल्या अनेक बायकांनी मूल झाल्यावर आभाराची पत्रं पाठवली, असं त्यांनी लिहिलं. १९६७ मध्ये ब्रिटिश संसदेत गर्भपाताचा कायदा येत होता, तेव्हा ऐंशी पार केलेले बोर्न विरोधकांच्या संघटनेत सामील झाले.

अनेकांना हे घूमजाव वाटलं. पण १९३८ ची साक्ष नीट पाहिली तर बोर्न फारसे हललेले दिसत नाहीत. ते लढले ते डॉक्टरच्या विवेकासाठी. बाईच्या हक्कासाठी ते तेव्हाही कोर्टात गेले नव्हते.

१९७४ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. १९६७ चा कायदा उत्तर आयर्लंडला लागू नव्हता, त्यामुळे तिथल्या बायकांसाठी १८६१ चा कायदा आणि बोर्न खटल्याने पाडलेली फट एवढंच होतं. तेही २०१९ पर्यंत.